आत घेतलेली गॅलरी

“दाजी, स्टँड असं पाहिजे की वर हत्ती उभा केला तरी हलायचं नाही,” धैर्यशील म्हणाला.

“मासेच ठेवायचेत ना? मग हत्ती कशाला आणताय मधी?”

सगळे हसले. खुर्चीत बसलेले मामाही हसले आणि हसता हसता त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या धैर्यशीलच्या पाठीवर थाप मारली. विनोद माझा, थाप त्याला. गेली सहा वर्षं आमच्याकडं हे असंच चाललं होतं.

धैर्यशील माझा साडू. माझी बायको शालन, तिची धाकटी बहीण वैजू, तिचा हा नवरा. मामा म्हणजे आमचे सासरे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या होत्या आणि त्यांचा काटा कधी कुणासाठी हलला नाही, असं सगळा तालुका सांगायचा. माझे वडील मी सातवीत असताना गेले. त्यामुळं लग्न झालं तेव्हा मला बायको मिळाली तसा बापही मिळाला, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. मामींच्या आजारपणात दवाखान्याच्या फेऱ्या मी मारल्या. मामांचं गळकं छप्पर मी उभा राहून नीट करून घेतलं. मोतीबिंदूच्या वेळी हाताला धरून मी नेलं. आणि मामा मला काय म्हणायचे? “हिंदुराव, तुम्ही उगाच त्रास घेतला.” धैर्यशील जावई झाला आणि महिन्याभरात त्याचा ‘धैर्या’ झाला. “धैर्या, इकडं ये. धैर्या, माझा चष्मा बघ कुठं पडलाय.” चौदा वर्षांत मला कुणी चष्मा शोधायला लावला नव्हता.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

मामी गेल्या आणि मामा एकटे पडले, तेव्हा उचगावच्या माझ्या घरात मी त्यांच्यासाठी एक खोली काढली. कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडी लावली, पलंगावर पडल्या पडल्या रस्ता दिसावा अशी खिडकी ठेवली. मामा आले, खोली बघितली, फरशीचं कौतुक केलं आणि राहायला गेले धैर्यशीलच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर. “तिथं लिफ्ट आहे हो,” म्हणाले. माझी खोली तळमजल्यावर होती, तिला लिफ्ट लागतच नव्हती.

हे मी कुणाला बोललो नाही. बोललो ते भलतंच. धैर्यशीलनं गाडी घेतली तेव्हा म्हणालो, या गाडीचे पार्ट मिळत नाहीत. फ्लॅट घेतला तेव्हा म्हणालो, या भागात पाण्याची बोंब आहे. गाडीचे पार्ट मिळत होते आणि पाणी दोन्ही वेळा येत होतं. “दाजींना आमचं काही बरं दिसतच नाही,” असं वैजू हसत हसत म्हणायची आणि मीही हसायचो. पण तिचं बरोबर होतं. मी जळत होतो. तोंडावर हसू आणि आत धग, असा माणूस मी तेव्हा झालो होतो.

मासे आले ते मामांच्या बीपीपायी. मासे बघत बसलं की जीव शांत होतो, असं त्यांना कुणी डॉक्टर म्हणाला आणि धैर्यशीलनं थेट सहा फुटी टाकी सांगून टाकली. दोन फूट रुंद, दोन फूट उंच. वास्तुवाल्यानं जागा नेमून दिली: पाणी ईशान्येला. ईशान्य कोपरा म्हणजे हॉलच्या टोकाला, खिडकीखाली. मामांची खुर्चीही तिथंच ठेवायची ठरलं. “वेल्डर तुमच्या ओळखीचे, दाजी. स्टँडचं तुम्ही बघा,” असं धैर्यशीलनं सांगितलं.

मी बांधकामावर सुपरवायझर. तेव्हाच मला त्या धंद्यात बावीस वर्षं झाली होती. दोन इंची चौकोनी पाइपचं, सहा पायांचं स्टँड मी समोर बसून करून घेतलं. वर जाड प्लाय, प्लायवर थर्माकोल, म्हणजे काचेला कुठं खडा टोचायला नको. चांगलं काम करायची मला खोडच आहे, मग ते कुणाचं का असेना. शिवाय मामा बघणार होते.

गुरुवारी सकाळी स्टँड जागेवर लागलं. मी लेव्हल लावली, चारही बाजूंनी बुडबुडा मध्यावर आला. मग सहज हात पुसत खिडकीतनं बाहेर वाकलो तर भिंतीतनं, बरोबर आपल्या फरशीच्या उंचीवर, वीतभर पाइपाचं तोंड बाहेर आलेलं दिसलं. सिमेंटनं बुजवलेलं. पावसाचं पाणी बाहेर जायला गॅलरीला ठेवतात तसलं. खाली बघितलं. दुसऱ्या मजल्यावर उघडी गॅलरी होती आणि तिथं एक म्हातारी बाई सुपात काहीतरी निवडत बसली होती. त्या गॅलरीचा कठडा आणि माझ्या समोरची भिंत एका ओळंब्यात, सरळ खाली-वर होती.

मला क्षणात कळलं. आधीच्या मालकानं गॅलरी आत घेतली होती. मधली भिंत काढायची, बाहेर कठड्यावर नवी भिंत चढवायची, वरनं एकसारखी फरशी, छताला पीओपी. मग घरात राहणाऱ्यालाही हॉल कुठं संपतो आणि गॅलरी कुठं सुरू होते ते कळत नाही. असल्या गॅलऱ्या आम्हीही लोकांना आत घेऊन दिल्या होत्या. पण हॉलला चारी बाजूंनी बीम असतात. गॅलरी एका अंगानं घराला धरून अधांतरी असते. माणसानं उभं राहावं, कपडे वाळत घालावेत, तुळस ठेवावी, एवढाच तिचा जीव. आणि पाणी, काच, दगड, स्टँड असं सगळं मिळून ही टाकी टनाला टेकत होती. तीही पार टोकाला. सगळ्यांनी स्टँडवर हत्ती उभा करून बघितला होता. स्टँड कशावर उभं आहे ते कुणीच बघितलं नव्हतं.

मी वळलो. तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात मामा धैर्यशीलला म्हणाले, “धैर्या, माझ्यासाठी एवढं आजवर कुणी केलं नव्हतं रे.”

मला उचगावची खोली दिसली. दांडी, खिडकी, कमोड, सगळं दिसलं.

“काय दाजी, बसलं का नीट?” धैर्यशीलनं विचारलं.

“लेव्हलला आहे,” मी म्हणालो. “भरा पाणी.”

ते चार दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो. स्लॅब काही एकदम पडत नाही. आधी चीर जाईल. चीर गेली की घाबरतील, मला बोलावतील. मग मी जाईन, एक नजर टाकीन आणि शांतपणे म्हणेन, “धैर्यशीलराव, घर घेताना जरा जाणत्या माणसाला विचारत जावं.” हे वाक्य मी अंघोळ करताना दोन-तीनदा म्हणूनही बघितलं. मामा समोर बसलेले असतील आणि हौस कुणाला असते आणि अक्कल कुणाला असते, ते त्यांना आपोआप कळेल. रोज संध्याकाळी मी फोन करायचो. “मासे कसे आहेत?” मजेत आहेत, असं वैजू सांगायची. शालनला या चौकशीचं कौतुक वाटत होतं. “बरं झालं बाई, तुमचं मन निवळलं,” ती म्हणाली.

रविवारी मामांची पंचाहत्तरी होती. पाहुणे पाचला यायचे होते. आम्ही घरचे म्हणून तीनलाच पोचलो. धैर्यशील आणि वैजू स्वयंपाकघरात आचाऱ्याशी बोलत होते. मामा नवं धोतर नेसून टाकीला खुर्ची लावून बसले होते.

“हिंदुराव, हा काळा बघा. मी आलो की पुढं येतो. ओळखतो मला.”

मी मासा बघितला नाही. पाणी बघितलं. गुरुवारी टाकी भरली तेव्हा वरच्या काळ्या पट्टीखाली पाण्याची रेघ सगळीकडं सारखी होती. आता पुढच्या अंगाला ती खाली आली होती आणि मागच्या अंगाला, भिंतीकडं, पट्टीला भिडली होती. सूतभर फरक. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. मी खिडकीची काच सरकवायला गेलो तर ती हलेना. सतरंजीची कड उचलली. फरशीवर केसासारखी चीर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जुनी भिंत जिथं होती बरोबर तिथनं.

चार दिवस ज्याची वाट बघितली ते समोर होतं. आनंद व्हायला हवा होता. पण चिरेच्या पलीकडं टाकी होती आणि टाकीला चिकटून मामा बसले होते.

मी धैर्यशीलला बाजूला घेतलं. “टाकी रिकामी करा. आत्ताच्या आत्ता.”

“का ओ?”

“ती जागा म्हणजे आत घेतलेली गॅलरी आहे. खाली बीम नाही. फरशीला चीर गेलीय, टाकी मागं कलली आहे.”

तो आला, वाकून बघितलं. “जॉइंट सुटलाय फरशीचा. आणि कललं असलं तर स्टँड कललं असेल की.”

“स्टँड कललेलं नाही.”

“तुम्ही केलंय म्हणून?” तो हसून म्हणाला. वाईट हेतूनं नाही, पण हसला.

वैजू हात पुसत बाहेर आली. “दाजी, गुरुवारी लेव्हल तुम्हीच लावली. भरा म्हणून तुम्हीच सांगितलंत. आणि आज पाहुणे दारात यायच्या वेळी हे काढलंत? आजच्या दिवस तरी नको ओ.”

शालननं माझी बाही ओढली. “चला, जरा आत बसा,” ती हळूच म्हणाली. तिची मान खाली होती. नवऱ्याची लाज वाटते तेव्हा बायका अशा बोलतात. मग तिघंही स्वयंपाकघरात गेली आणि आत मिक्सर सुरू झाला. त्यांचं काय चुकलं? गाडी वाईट, पाणी वाईट, भाग वाईट असं सांगत आलेला माणूस आज फरशी वाईट म्हणत होता.

मी मामांसमोर जाऊन उभा राहिलो. “मामा, तुम्ही तरी उठा. आतल्या खोलीत बसा.”

“मी ऐकलं सगळं.” त्यांनी माशांच्या खाण्याचा डबा खाली ठेवला. “हिंदुराव, एक विचारू? राग मानू नका. धैर्याचं बरं झालेलं तुम्हाला बघवत नाही, होय ना?”

ते रागावले नव्हते. गाडी किती भरली आहे असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं असतं तर ते उठले नसते, एवढं मला दिसत होतं.

“नाही बघवत,” मी म्हणालो. “म्हणून तर चार दिवस गप्प बसलो.”

“म्हणजे?”

“मला गुरुवारीच कळलं होतं. खिडकीतनं वाकलो तेव्हाच. टाकी भरायच्या आधी. चीर जाऊ दे, त्याची जिरू दे, मग सांगू, असं ठरवलं मी.”

मामांनी स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं. आत मिक्सर चालूच होता.

“मी इथं बसतो, ते ठाऊक होतं तुम्हाला?”

“होतं.”

मी हात पुढं केला. तो त्यांनी धरला नाही. खुर्चीच्या दांडीवर भार देऊन ते आपले आपण उठले आणि सतरंजीवरून चालत चिरेच्या अलीकडं आले. खोटं सांगायला आलेला माणूस स्वतःचं नाक स्वतः कापून देत नाही, हे तीस वर्षं काट्यावर बसलेल्या त्या माणसाला कळत होतं.

“धैर्या,” त्यांनी हाक मारली. तो बाहेर आला. “पाणी काढ.”

“मामा, आता तुम्ही पण?”

“हिंदुराव सांगतात ते खरं आहे. आधी पाणी काढ, मग बोल.”

मामांच्या शब्दापुढं त्या घरात कुणी जात नव्हतं. मी वैजूला खाली पिटाळलं, त्या म्हाताऱ्या काकूंना गॅलरीतनं आत घ्यायला. पाइप लावून पाणी न्हाणीत सोडलं, वरनं बादल्या चालू केल्या. शालननं नव्या साडीचा पदर खोचला. धैर्यशीलला मी आत येऊ दिलं नाही. चिरेच्या पलीकडं मी एकटा उभा राहायचो आणि भरलेली बादली त्याच्या हातात द्यायचो. मासे जाळीनं धरून निळ्या पिंपात टाकले. तो काळा सगळ्यात शेवटी सापडला. दगड काढले, रेती काढली. टाकी रिकामी झाली तेव्हा धैर्यशील आत आला आणि त्यानं खिडकीच्या काचेला हात लावला. तासाभरापूर्वी जाम झालेली काच गुळगुळीत सरकली.

त्यानं खाली वाकून बघितलं, त्या रिकाम्या गॅलरीतलं सूप बघितलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. “दाजी,” एवढंच म्हणाला. मला त्याच्या डोळ्यांकडं बघता आलं नाही.

पाच वाजता पाहुणे आले तेव्हा हॉलभर ओलं होतं, पिंपात मासे होते आणि आमचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. हे काय, म्हणून जो तो विचारू लागला. धैर्यशील सांगायला लागला, पण मामांनी त्याला थांबवलं. ते आतल्या भिंतीला टेकून सोफ्यावर बसले होते.

“मी सांगतो,” ते म्हणाले. “ही जागा कच्ची होती. आम्हाला कुणालाच कळलं नाही. आमच्या हिंदुरावांनी बघितलं.” ते जरासे थांबले, माझ्याकडं बघितलं. “आणि लगेच सांगितलं. आज मी बसलोय तो यांच्यामुळं. असा एक जावई माणसाला असावा.”

पाहुण्यांनी त्यांच्या अंगावर घातलेली शाल त्यांनी काढली आणि मला जवळ बोलावून माझ्या खांद्यावर टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालन डोळे पुसत होती. चौदा वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो ते चारचौघांत, सगळ्या गोतावळ्यासमोर, मला मिळत होतं, आणि देणारा एकटाच असा होता की ज्याला ते माझं नाही हे माहीत होतं.

पुढं इंजिनिअर आणून दाखवलं. त्यानं त्या जागी खुर्चीसुद्धा नको म्हणून सांगितलं. वास्तुवाल्याचं न ऐकता टाकी आतल्या बीमच्या भिंतीला लागली, स्टँड तेच. आणि महिन्याभरात मामा स्वतः होऊन आमच्याकडं राहायला आले. त्या खोलीत, त्या खिडकीशी. आम्हा दोघांत त्या दुपारचा विषय पुन्हा निघाला नाही. एकदा मी काढायला गेलो तर ते म्हणाले, “मला सांगून झालंय तुमचं.” मामा मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. औषध माझ्याच हातचं घ्यायचे. चष्माही मलाच शोधायला लावायचे.

सहा वर्षं ते माझ्या घरात होते. घरी कुणीही आलं, नातलग असो की दूधवाला, मामा त्याला बसवून घ्यायचे आणि टाकीची गोष्ट सांगायचे. स्टँडचा हत्ती सांगायचे, वास्तुवाला सांगायचे, काळा मासा सांगायचे. “आणि आमच्या हिंदुरावांनी बघितलं,” एवढं म्हणून ते थांबायचे आणि माझ्याकडं बघायचे. रागानं नाही. एखाद्यानं बाकावर सरकून शेजारी जागा करून द्यावी, तसे. माझी वाट बघायचे. मी काही बोललो नाही की मग म्हणायचे, “आणि लगेच सांगितलं.” मी उठून चहाचं बघायला आत जायचो.

मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली. ती गोष्ट आता शालन सांगते, आणि सांगताना ती कुठंच थांबत नाही.